बागची छपाई आणि विक्री

धार जिल्ह्यातील बाग येथील ठसेछपाई पूर्वी मुख्यत्वे परिसरातील आदिवासी स्त्रियांच्या वस्त्रांसाठी होत असे. स्वस्त कृत्रिम कापडापुढे ती मागणी ओसरली. तेव्हा कारागिरांनी लाकडी ठसे, तुरटीने खुलणारा लाल व लोखंडाच्या गंजाचा काळा रंग कायम राखून साड्या व चादरी छापण्यास आरंभ केला. शहरी ग्राहकाची आवड ‘मृगनयनी’सारख्या शासकीय विक्रीकेंद्रांतून कळू लागली. मात्र मागणी स्वीकारण्यापूर्वी विक्रेत्याने कारागिरास विचारणे अगत्याचे असते. छापलेले कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे लागते. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की काम अडते. देवास, इंदूरच्या दुकानांना दिवाळीसाठी लागणारा माल म्हणूनच पावसापूर्वी छापून ठेवणे श्रेयस्कर होय.