कॅल्शियमचा सांगावा

यंदाच्या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेसाठी एखाद्या शास्त्रीय विषयावर लिहावे, अशी सूचना शाळेच्या चालकांनी केली तेव्हा मी संकोचलो. माझे आयुष्य संतकाव्य आणि व्याकरण शिकविण्यात गेले. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला शास्त्र शिकवीत. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधासारखी पांढरी होते, हा त्यांचा प्रयोग अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. त्या निवळीतील कॅल्शियमविषयीच येथे लिहावयाचे आहे. विषयाची निवड केवळ शास्त्रप्रेमातून झालेली नाही, त्याचे कारण पुढे येईल.

प्रौढ माणसाच्या देहात सुमारे एक किलो कॅल्शियम असते व त्याचा ९९ टक्के भाग हाडे आणि दात यांत असतो. उरलेल्या एका टक्क्याचे महत्त्व योगायोगाने कळले. लंडनमध्ये सिडनी रिंगर हे वैद्य बेडकाचे हृदय खारट पाण्यात ठेवून त्याचे स्पंदन अभ्यासीत होते. नळाचे पाणी वापरले की हृदय चाले. शुद्ध केलेले पाणी वापरले की लवकरच थांबे. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हे त्याचे कारण असल्याचे त्यांनी १८८३ मध्ये दाखवून दिले. गंडीपेटच्या पाण्याचे गुण गाणाऱ्या आपण हैदराबादकरांना ही गोष्ट सहज पटावी.

आता पेशीकडे वळू. पेशीबाहेरच्या द्रवात जेवढे कॅल्शियम असते, त्याच्या सुमारे दहा हजारांश एवढेच पेशीच्या आत मोकळे असते. पेशीचा सारा व्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम वाढले तर गुरुजींच्या निवळीप्रमाणे आतही साका धरेल. म्हणून पेशी अहोरात्र कॅल्शियम बाहेर उपसत असते. मात्र याच तफावतीचा तिने उपयोगही करून घेतला आहे. दार किंचित किलकिले झाले तरी आतील प्रमाण एकदम अनेक पटींनी वाढते आणि झोपलेली पेशी जागी होते. शास्त्रज्ञ याला ‘संकेत’ म्हणतात. आपल्या काव्यशास्त्रात संकेत म्हणजे प्रेमिकांचे ठरलेले स्थळही होय. त्यापेक्षा मला ‘सांगावा’ हा खेड्यातला शब्द अधिक योग्य वाटतो. सांगावा आला की माणसाला उठून निघावेच लागते.

रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशीत हा सांगावा कसा पोहोचतो? परक्या जंतूचा अंश पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला जुळला की आतील एका जाळीदार कोठारातून साठविलेले कॅल्शियम सुटते. परंतु ही शिदोरी मिनिटा-दोन मिनिटांची. जंतूशी लढायचे तर सांगावा कित्येक तास चालू राहावा लागतो, आणि तेवढे कॅल्शियम बाहेरूनच यावे लागते. कोठार रिकामे झाल्याची वर्दी बाहेरच्या दाराला मिळत असावी, असा तर्क जेम्स पुटनी यांनी १९८६ मध्ये मांडला. १९९२ मध्ये होथ आणि पेनर यांनी तो प्रवाह विजेच्या साहाय्याने मोजलाही. पण दार कशाचे बनले आहे, हे पुढे चौदा वर्षे कळेना. एकेका दारातून वाहणारा प्रवाह इतका क्षीण, की तो निराळा धरताच येत नसे.

ते दार ज्यांच्या प्रयोगशाळेत सापडले त्या डॉ. अंजना राव आपल्या उस्मानिया विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थिनी. काचीगुड्याहून लोकलने विद्यानगर सोडले की पुढचे स्थानक जामिया उस्मानिया! एके काळी याच विद्यापीठात शास्त्रे उर्दूतून शिकविली जात आणि दार-उल-तर्जुमा त्यांसाठी परिभाषा घडवी. परिभाषेचा माझा हव्यास कदाचित या गावच्या हवेतलाच असेल. असो. डॉ. राव पुढे हार्वर्डला गेल्या, जीवभौतिकीत डॉक्टरेट मिळवून बॉस्टनमध्ये संशोधन करू लागल्या. टी-पेशीतील ‘एनफॅट’ नावाच्या प्रथिनाचा त्यांनी माग काढला. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने त्याचे जनुक हाती घेतले. कॅल्शियम वाढले की कॅल्सिन्यूरिन हे विकर एनफॅटवरील फॉस्फेटची कुलपे काढते. मग एनफॅट केंद्रकात शिरून लढाईची जनुके चालू करते. कॅल्शियमचा ओघ थांबला की कुलपे पुन्हा लागतात व एनफॅट बाहेर पडते.

दाराचा पत्ता लागला तो दोन आजारी भावांमुळे. तान्हेपणीच त्यांना गंभीर संसर्ग होत. त्यांच्या रक्तात टी-पेशी पुरेशा होत्या, दिसायला ठीक होत्या, पण जाग्याच होत नव्हत्या. त्यांच्यात कॅल्शियम शिरत नव्हते. राव यांच्या प्रयोगशाळेतील स्टीफन फेस्के यांनी त्या कुटुंबाची जनुके तपासली. त्याच वेळी फळमाशीच्या पेशींतील एकेक जनुक गप्प करून कोणते गप्प केल्यावर कॅल्शियम थांबते, हेही पाहिले गेले. दोन्ही वाटा बाराव्या गुणसूत्रावरील एकाच जनुकाशी येऊन मिळाल्या. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ९१व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन आले होते, एवढीच चूक. पण तेवढ्याने दार बंद. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी आणखी दोन गट स्वतंत्रपणे त्याच प्रथिनापाशी पोहोचले. राव यांच्या गटाने त्याला ‘ओराय’ हे नाव दिले. ग्रीक पुराणात स्वर्गद्वार राखणाऱ्या देवतांचे. जय-विजयांची आठवण मला झाल्यावाचून राहिली नाही. कोठार रिकामे झाल्याची वर्दी देणारे ‘स्टिम’ हे प्रथिन आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, सापडले होते.

आता माझे कारण. १९९४ मध्ये माझ्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि मी माझे एक त्याला दिले. त्या दिवसापासून सकाळी आठ आणि रात्री आठ या वेळा त्याने सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूलसाठी राखल्या. नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीतून मिळालेले हे औषध कॅल्सिन्यूरिनला जखडते, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले होते. म्हणजे कॅल्शियम आत येते, पण पुढचे कुलूप निघत नाही. टी-पेशी माझ्या मूत्रपिंडाला परके म्हणून ओळखते, पण उठत नाही. या औषधाला परका अवयव आणि परका जंतू यांतला भेद कळत नाही. भाऊ लग्नकार्यांच्या गर्दीत जाणे टाळी; साध्या तापानेही आमचे घर हादरे.

एकोणीस वर्षे हे चालले. २०१३ च्या पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला आणि नवव्या दिवशी तो गेला. मूत्रपिंड शेवटपर्यंत चांगले चालले होते, असे डॉक्टरांनी मला मुद्दाम बोलावून सांगितले. ओरायचा शोध लागून तेव्हा सात वर्षे झाली होती. मला त्याचा गंधही नव्हता. भावाचे कागद आवरताना ‘कॅल्सिन्यूरिन’ हा शब्द प्रथम दिसला, आणि सवयीप्रमाणे मी त्याची व्युत्पत्ती शोधू लागलो.