चौऱ्याहत्तर अंशावरची जागा

पुण्यात गच्चीवर डीटीएचची छत्री लावायला येणारा मुलगा होकायंत्र वगैरे काढत नाही. आधी शेजारच्या छत्र्यांची तोंडं बघतो, मग दक्षिणेला पाण्याची टाकी किंवा आंबा आडवा येतोय का ते पाहतो आणि थेट ड्रिल काढतो. फास्टनर ठोकून नळी उभी करायची, ती सरळ आहे ना हे लेव्हल धरून बघायचं. इथे आळस केला की पुढचं सगळं फसतं. मग पान्याने नट अर्धेच आवळायचे. छत्री हलली पाहिजे, घसरता कामा नये. "काका, खाली टीव्हीसमोर कुणाला तरी उभं करा." फोन मान आणि खांद्याच्या मध्ये. "क्वालिटी किती?" चाळीस. कड जरा रेटली, पासष्ट. आणखी रेटली तर एकदम शून्य. परत मागे. बहात्तर आल्यावर नट आवळायचे, पण आवळताना छत्री थोडी फिरतेच, म्हणून पुन्हा विचारायचं. बघणाऱ्याला वाटतं छत्रीचं तोंड समोरच्या इमारतीकडे आहे. तसं नसतं. सिग्नल झेलणाऱ्या एलएनबीचा दांडा खालून तिरपा येतो, त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा तिची नजर बरीच वर असते.

साठ सेंटीमीटरच्या छत्रीची कड अर्धा सेंटीमीटर हलली की नजर एका अंशाने फिरते, आणि उपग्रहाच्या कक्षेत एक अंश म्हणजे सातशेहून जास्त किलोमीटर. डीटीएच कंपनी चॅनेल विकते असं आपण म्हणतो. पण त्याआधी ती प्रत्येक ग्राहकाची गच्ची आकाशातल्या एका ठरावीक जागेशी नटबोल्टने बांधून टाकते. त्या जागी उपग्रह पोचलाच नाही तर गोदामातले बॉक्स, नेमलेली माणसं, छापून आलेली दरपत्रकं, सगळं बसून.

१० जुलै २००६ ला तेच झालं. संध्याकाळी ५ वाजून ३८ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ०२ रॉकेट उडालं. त्यावर इन्सॅट-४सी हा उपग्रह होता: वजन दोन टनांहून जास्त, केयू-बँडचे १२ ट्रान्सपाँडर (सिग्नल झेलून परत खाली पाठवणारे संच), काम मुख्यतः डीटीएचचं. जागा ठरलेली होती, ७४ अंश पूर्व. पुण्याचं रेखांशही जवळपास तेवढंच, म्हणजे इथल्या गच्चीवरून अगदी नाकासमोर दक्षिणेला. (टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांसाठी ढगांची चित्रं पाठवणारा कल्पना-१ याच पत्त्यावर राहायचा.)

या रॉकेटच्या मधोमध घन इंधनाचा गाभा असतो आणि भोवती द्रव इंधनाची चार इंजिनं. ही चार इंजिनं उड्डाणाच्या ४.८ सेकंद आधी पेटवतात. तेवढ्यात त्यांची परीक्षा घ्यायची असते, कारण गाभा भुईनळ्यासारखा, एकदा पेटला की विझवता येत नाही. मार्च २००१ मध्ये, जीएसएलव्हीच्या पहिल्याच उड्डाणाच्या वेळी, एक इंजिन या परीक्षेत नापास झालं. उड्डाण शेवटच्या क्षणी आपोआप थांबलं, रॉकेट जमिनीवरच राहिलं आणि तीन आठवड्यांनी उडालं. २००६ मध्ये गाभा पेटला, रॉकेट सुटलं, आणि ०.२ सेकंदांनी एका इंजिनाचा जोर गेला. परीक्षा संपली होती, उत्तरपत्रिका परत घ्यायची सोय नव्हती. उरलेल्या तिघांच्या जिवावर रॉकेटने पन्नास सेकंद तोल सांभाळला. पुढे ध्वनीच्या वेगाजवळ पोचल्यावर ते तिरकं होत गेलं, हवेचा मार सोसेना आणि बंगालच्या उपसागरावर त्याचे तुकडे झाले.

के. नारायण यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने माग काढला तो एका रेग्युलेटरपर्यंत. इंजिनाच्या गॅस जनरेटरकडे जाणारं इंधन मोजून सोडणं हे त्याचं काम. हा मात्र बंद स्थितीतही वाजवीपेक्षा पुष्कळ जास्त इंधन सोडणारा निघाला. जनरेटरमधला दाब वाढला आणि जनरेटर निकामी झाला. बनवताना नकळत चूक झाली असावी आणि ती नंतरच्या तपासण्यांतूनही निसटली, असा निष्कर्ष निघाला. रॉकेटची रचना ठीक होती. वाचणाऱ्याला हा दिलासा वाटेल; मला उलट वाटतं. रचनेत खोट असती तर ती आकृतीत सापडली असती. एका सुट्या भागाने दगा दिला की तसे सगळे भाग पुन्हा तपासायला घ्यावे लागतात, आणि महिने जातात ते तिथे.

मुंबईकरांच्या लक्षात ही बातमी राहिली नसेल. दुसऱ्याच संध्याकाळी लोकलमध्ये स्फोट झाले.

धंद्याला मात्र वेळ फार वाईट गाठली होती. टाटा स्काय ही डीटीएच कंपनी ज्यावर विसंबून होती तो इन्सॅट-४ए डिसेंबर २००५ मध्येच फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन रॉकेटने वर गेला होता आणि ऑगस्ट २००६ मध्ये त्यांची सेवा सुरू झाली. १ जानेवारी २००७ पासून मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या काही भागांत केबलसाठी कॅस (कंडिशनल ॲक्सेस) ही पद्धत लागू झाली, पे चॅनेलसाठी बॉक्स घेणं भाग पडलं. केबलवाल्याचा बॉक्स घ्यायचा की छत्री, हे घरोघरी ठरत होतं. इन्सॅट-४सीवर भिस्त ठेवून असलेल्या सन डायरेक्ट या दुसऱ्या डीटीएच कंपनीकडे त्या वेळी विकायला काही नव्हतं. मार्च २००७ मध्ये कुरूहून गेलेल्या इन्सॅट-४बीचा आधार त्यांना मिळाला, तरी सेवा सुरू व्हायला २००७ सरत आलं.

विम्याने पैसे मिळतात, उपग्रह मिळत नाही. तो नव्याने बांधायचा असतो. बुडालेल्याचा जुळा भाऊ, इन्सॅट-४सीआर, २ सप्टेंबर २००७ ला गेला. चौदा महिन्यांच्या आत, ही कौतुकाचीच गोष्ट. पण रॉकेटने त्याला ठरल्यापेक्षा खाली सोडलं आणि वर चढायला त्याने स्वतःचं इंधन खर्च केलं. हे इंधन म्हणजेच उपग्रहाचं आयुष्य. त्यावरून एअरटेलची डीटीएच सेवा सुरू झाली ऑक्टोबर २००८ मध्ये. ७४ अंशावरच्या जागेची डीटीएच ग्राहकाशी गाठ पडायला सव्वादोन वर्षं लागली.

परदेशात वेगळं घडत नव्हतं. ३० जानेवारी २००७ ला पॅसिफिकमधल्या सी लाँचच्या तरंगत्या तळावर झेनिट रॉकेटचा स्फोट झाला. त्यात एनएसएस-८ हा उपग्रह गेला, पण रांगेत मागे उभ्या असलेल्या अमेरिकेच्या डायरेक्टीव्हीचा उपग्रहही अडकला. एचडी चॅनेलसाठी लागणारा तो डायरेक्टीव्ही-११ मार्च २००८ मध्ये सुटला. स्फोट दुसऱ्याचा, खोळंबा यांचा.

उपग्रह वर पोचला म्हणजे घोडं गंगेत न्हालं असंही नाही. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बीच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला, त्याचे निम्मे ट्रान्सपाँडर बंद ठेवावे लागले. सन डायरेक्टने मलेशियाच्या मीसॅट-३ वर चॅनेल हलवले. इन्सॅट-४बी ९३.५ अंशावर, मीसॅट ९१.५ वर. फरक दोनच अंशांचा, पण त्यासाठी पुन्हा शिडी, पुन्हा पाना, पुन्हा "क्वालिटी किती?" नोव्हेंबर २०१५ मध्ये कुरूहून जीसॅट-१५ गेला तो मात्र ९३.५ अंशावरच नेऊन ठेवला. दूरदर्शनची फ्री डिश पुढे त्यावर गेली, आणि त्या जागेकडे तोंड करून बसलेल्या छत्र्यांना कुणाला हात लावावा लागला नाही.