कोरड्या बोअरला जलभंजन : आधी खडक समजून घ्या

शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आणि आपल्या बोअरमधून नुसती भुकटी, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी घाईने दुसरा बोअर घेण्यापूर्वी जुन्याच बोअरला जलभंजन करता येईल काय, हे पाहावे.

पाणी कोठे असते?
राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते मुरमात, झिजलेल्या मांजऱ्या खडकात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत साठते. बोअर जेमतेम सहा इंच रुंद. पाणीदार भेग दोन हातांवरून निघून गेली किंवा गाळाने बुजलेली असली, तरी तो कोरडा राहतो.

जलभंजन कसे करतात?
केसिंगच्या खाली, घट्ट कातळात पॅकर बसवून बोअर बंद करतात व त्याखाली पंपाने मोठ्या दाबाचे पाणी सोडतात. आडवी भेग उघडताना वरच्या खडकाचे वजन उचलावे लागते. ६० मीटर खोलीवर ते दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १७ किलो भरते. दाब त्याहून जास्त लागतो.

नवी भेग जुन्या भेगेला भेटते तेव्हा
१) जुनी भेग तिरकी व सैल असेल, तर पाणी तिच्यात वळते, गाळ ढकलते आणि तिला रुंद करते.
२) ती काटकोनात व घट्ट दाबलेली असेल, तर नवी भेग तिला छेदून पुढे जाते.
३) ती मोकळी असेल, तर पाणी तिच्यात पसरते, दाब उतरतो व नवी भेग तेथेच थांबते. यात नुकसान नाही. बोअर भेगेशी जोडला जातो.

दाब काढल्यावर भेगेचे काठ किंचित सरकलेले असल्याने ते पूर्ण मिटत नाहीत. पाण्याला वाट राहते.

दाबमापकाकडे लक्ष ठेवा
दाब चढून एकदम घसरला, तर भेग उघडली असे समजावे. तो चढतच राहिला, तर कातळ अखंड आहे. मुळीच चढला नाही, तर पॅकरजवळ गळती आहे किंवा भेग आधीच मोकळी आहे.

हे विसरू नका
जलभंजनाने नवे पाणी तयार होत नाही. असलेल्या पाण्याची वाट मोकळी होते. परिसरातील सर्वच विहिरी आटल्या असतील, तर हा खर्च करू नये. बोअर ढासळत असल्यासही करू नये. भेगा शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत गेलेल्या असू शकतात, हेही ध्यानात घ्यावे. आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला घ्यावा. क्रियेपूर्वी व नंतर बोअरचे पाणी मोजून नोंद ठेवावी. उघडलेल्या भेगेत पुढच्या पावसाळ्यात पाणी उतरावे, म्हणून शेताची बांधबंदिस्ती आणि नाल्यावरचे बांध आधी नीट करून घ्यावेत.