कोपऱ्यातली तीन चिन्हे

दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावी संगणकाशी पहिली ओळख बहुतेकांना घरात नव्हे, तर प्रशिक्षण वर्गात झाली. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून जी पिढी शिकली, तिच्या लेखी संगणक म्हणजे विंडोज, आणि विंडोज म्हणजे शीर्षपट्टीच्या, म्हणजे फाइलचे नाव दाखवणाऱ्या वरच्या पट्टीच्या, उजव्या कोपऱ्यातली आडवी रेघ, चौकोन आणि फुली. ऑगस्ट १९९५ मधल्या विंडोज ९५ पासून हा क्रम रूढ झाला. अर्ज टाइप करता करता सातबारा पाहायचा झाल्यास रेघेवर क्लिक करून वर्ड मिनिमाइज करावे आणि काम होताच तळाच्या टास्कबारवरून ते पुन्हा वर आणावे, ही सवय हातात मुरली. शिवाय या चिन्हांना भाषा नव्हती; इंग्रजी कच्चे असणाऱ्यालाही फुलीचा अर्थ कळे.

एप्रिल २०११ मध्ये लिनक्स या विंडोजखेरीजच्या संगणक प्रणालीवरील ग्नोम ३ या डेस्कटॉपने रेघ आणि चौकोन काढून फक्त फुली ठेवली. त्यामागचा तर्क बिनतोड होता, कारण टास्कबारच उरला नसल्याने मिनिमाइज केलेली खिडकी जाणार कुठे, हा प्रश्न होताच. मोठी करायची तर पट्टीवर डबल क्लिक पुरे. मात्र दिसणारे चिन्ह जाऊन न दिसणारी कृती आली, आणि ती कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही, याचा हिशेब कर्त्यांनी धरला नाही. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी जाहीर नाराजी व्यक्त करून एक्सएफसीई हा साधा डेस्कटॉप जवळ केला, तर जुन्या ग्नोमच्या पायावर माटे हा नवा प्रकल्प उभा राहिला.

ऑक्टोबर २०१२ मधले विंडोज ८ आणखी पुढे गेले: स्टार्ट बटण नाहीसे झाले, आणि पडदाभर उघडणाऱ्या नव्या ॲपना शीर्षपट्टीच नव्हती, ते बंद करायचे तर वरची कड धरून थेट तळापर्यंत ओढावे लागे. टॅबलेटवरच्या बोटाला हे सोयीचे असले, तरी माउस धरून दिवसभर दाखले काढणाऱ्या हाताला नव्हे. स्टार्ट बटण वर्षभरात परतले. रेघ आणि फुली असलेली पट्टी त्या ॲपना ८ एप्रिल २०१४ च्या सुधारणेत मिळाली. योगायोग असा की विंडोज एक्सपीचा अधिकृत आधार संपला तो याच दिवशी.

ग्नोमने मूळ मांडणीत आजही फुलीच ठेवली आहे. उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीने मात्र ऑक्टोबर २०१७ मध्ये ग्नोम पुन्हा स्वीकारताना तिन्ही चिन्हे ठेवली, आणि २०१० पासून डावीकडे नेलेली ती पुन्हा उजव्या कोपऱ्यात आणली.