कर्नाळ्याच्या रानांतील वसंत

वसंत म्हटला कीं हिरवीगार पालवी, आम्रमोहोर आणि कोकिळाचा स्वर हें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. काव्यांत तें शोभतें. परंतु फाल्गुनांत कर्नाळ्याच्या रानांत जो प्रथमच पाऊल टाकील, त्याची निराशा होण्याचा बराच संभव आहे. साग उघडे पडलेले, वाटेवर घोट्याएवढा पाचोळा, ओढ्यांत नुसते धोंडे! "गुरुजी, हेंच का तें पक्षी-अभयारण्य?" असा प्रश्न माझ्याबरोबर आलेल्या नववीच्या एका विद्यार्थ्यानें मला दाराशींच केला. त्या वेळीं जें उत्तर मला नीटसें देतां आलें नाहीं, तें येथें लिहीत आहें.

हें रान रायगड जिल्ह्यांत, पनवेलीपासून सुमारें १२ किलोमीटरांवर, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेस आहे. महाराष्ट्रांतील हें पहिलें पक्षी-अभयारण्य १९६८ सालीं स्थापन झालें, आणि २००३ सालीं विस्तार होऊन त्याचें क्षेत्र सुमारें १२ चौरस किलोमीटर झालें. माथ्यावर कर्नाळा किल्ला व त्याचा तो अंगठ्यासारखा उभा, सव्वाशें फूट उंचीचा सुळका. शिवछत्रपतींनीं १६७० सालीं हा किल्ला मोगलांकडून घेतला, आणि आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा येथील किल्लेदार होते, एवढें सांगून इतिहास बाजूस ठेवतों.

झाडें पानें कां टाकतात? पान हें झाडाचें स्वयंपाकघर खरें. पण त्याच्या सूक्ष्म रंध्रांतून पाणीही सारखें उडून जात असतें. जमिनींतील ओल आटूं लागली म्हणजे हा खर्च झाडास परवडत नाहीं. तें पानाच्या देंठाशीं एक पातळ पडदा तयार करतें आणि पान सोडून देतें. मात्र याच उघड्या फांद्यांवर पळस, पांगारा व काटेसावर फुलतात, आणि त्यांत मोठें शहाणपण आहे. पानांचा आडोसा नसल्यामुळें तें लाल-केशरी फूल पाखरांस दुरून दिसतें. पळसाची पाकळी पोपटाच्या चोंचीप्रमाणें वांकलेली असते. म्हणूनच संस्कृतांत त्याला किंशुक, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' असें नांव पडलें. पाखरूं मधासाठीं चोंच खुपसतें, तेव्हां त्याच्या कपाळास पराग लागतात आणि दुसऱ्या फुलावर जाऊन पडतात.

तेव्हां वसंतांत कर्नाळ्यास जाऊन फार हिंडूं नये. फुललेली एक सावर गांठावी व खालीं बसावें. अर्ध्या तासांत साळुंक्या, बुलबुल, पर्णपक्षी, शिंजीर हे सर्व हजेरी लावून जातात. शेपटीचीं दोन पिसें तारेसारखीं लांबवून त्यांच्या टोकांस झुबके मिरवणारा भृंगराज आला, तर मात्र कान टवकारावे. हा पक्का नकलाकार आहे. दुसऱ्या पक्ष्यांबरोबर तो थव्यानें फिरतो, त्यांच्या हालचालीनें उठलेले कीटक टिपतो, आणि शिक्ऱ्याच्या आवाजाचीही हुबेहुब नक्कल करतो. पानें नसल्यामुळें हें सर्व नुसत्या डोळ्यांनीं दिसतें. आषाढांत त्याच झाडाखालीं केवळ आवाज ऐकूं येतील. पाचोळ्याचाही असाच उपयोग होतो. आमच्या मुलांनीं एकदां मोठी खसखस ऐकून श्वास रोखला, आणि झुडुपांतून बाहेर आले ते सातभाई! सरडादेखील कोरड्या पानांवर वाघाचा आव आणतो.

वाटेविषयीं थोडें. हरियाल ही वाट आंखूड व सोपी, लहान मुलांसही झेपणारी आहे. मोरटाका तिच्याहून लांब. किल्ल्याची चढण मात्र या दिवसांत फसवी असते. पाचोळ्याखालीं गोल खडे दडलेले असतात आणि पाय चढतांना नव्हे, तर उतरतांना घसरतो. दहा वाजल्यानंतर काळा पाषाण तापतो. सुळक्याच्या पायथ्याशीं पाण्याचीं टांकीं कोरलेलीं आहेत. परंतु त्यांच्या भरंवशावर न जातां पाणी आपलें आपणच न्यावें.

माझी खरी चूक पुढेंच झाली. मुलांना गडाचा माथा दाखवीन असें वचन मीं दिलें होतें, आणि त्या उत्साहांत तीं गाणीं म्हणत चढत होतीं. मींही त्यांना थांबविलें नाहीं. सुळक्याच्या कपारींत आग्या माश्यांचीं मोहोळें असतात. या माश्या आपलें पोळें उघड्यावरच बांधतात. त्यामुळें त्यांच्या संरक्षणास भिंत नसते, तर माश्यांचाच एक जाड थर असतो. शत्रूची चाहूल लागतांच त्या थरावरून शेताच्या पिकावर वारा जावा तशी लाट उठते. एका माशीनें डंख केला कीं त्या जागेस एक विशिष्ट गंध लागतो आणि त्या गंधाच्या खुणेनें इतर माश्या तेथेंच धांवतात. म्हणून काठी, धूर, अत्तर व आरडाओरडा हीं चारही वर्ज्य. हल्ला झालाच तर हात न झाडतां, तोंड झांकून, वेगानें दूर निघून जावें व कांटा लगेच खरवडून काढावा.

दरवाजापाशीं आम्ही पोंचलों, तों वाटाड्यानें हात वर केला. वर काळ्या पोळ्यावर एक लाट सरकली, मागून दुसरी. वाटाड्या कुजबुजला, "बोलूं नका. वळा मागें." माथा वीस-पंचवीस पावलांवर होता. एका मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें, आणि मलाही वाईट वाटलें, पण आम्ही वळलों.

उतरतांना कोणीही बोललें नाहीं, आणि दिवसभरांत जें दिसलें नव्हतें तें त्या एका तासांत दिसलें. तुरेवाला सर्पगरुड वाटेवरच्या वठलेल्या ऐनावर बसून राहिला, उडाला नाहीं. ओढ्याच्या उरल्यासुरल्या डबक्यावर स्वर्गीय नर्तकाचा नर पांढरी फीत सोडावी तसा पाण्यास शिवून गेला. खालीं येतां येतां पावशा ओरडूं लागला; पाऊस तीन महिने दूर, तरी त्याचें 'पेरते व्हा' चढत्या स्वरांत चालूच होतें. दाराशीं ज्यानें प्रश्न केला होता, त्या मुलानें आपल्या वहींत सतरा पक्ष्यांचीं नांवें लिहिलीं होतीं. अठराव्यापुढें त्यानें नुसतें चित्र काढलें होतें, आणि त्याचें नांव मलाही सांगतां आलें नाहीं.