कुलाब्याचे आरसे आणि पेण-रोह्याचं ऊन

उन्हाकडून काम करून घेणं पेणच्या खारेपाटाला नवं नाही. मिठागराच्या वाफ्यात खाडीचं पाणी अडवायचं, बाकी ऊन बघतं. पण आरशांनी ऊन एका जागी गोळा करून पाणी तापवायचं म्हटलं की माणसं गच्चीकडे बोट दाखवतात, 'तो काय सोलर!' तो नव्हे. गच्चीवरच्या नळ्या पडेल तेवढं ऊन झेलतात. आंघोळीला तेवढं पुरे. वाफ हवी तर आरसे लागतात.

हा उद्योग मुंबईत फार जुना. हायकोर्टात उपनिबंधक असलेल्या विल्यम ॲडम्सने १८७८ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. कुलाब्यातल्या बंगल्याच्या आवारात त्याने सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, त्यांचं ऊन बॉयलरवर पाडलं आणि अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला. त्याच्या सूर्यचुलीवर ऐन जानेवारीत सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजे. (पेण-रोह्याचा जिल्हाही १९८१पर्यंत कुलाबाच, पण तो कुलाबा अलिबागचा.)

पुढे कोळसा स्वस्त राहिला आणि आरसे अडगळीत गेले. महाराष्ट्रात ते परतले ते देवळात आणि डेअरीत. शिर्डीच्या प्रसादालयासाठी २००९ साली आरशांच्या ७३ तबकड्या बसल्या. त्यांची वाफ जुन्या बॉयलरच्या जोडीने अन्न शिजवते. लातूरच्या महानंद डेअरीत दूध तापवायला 'अरुण' नावाची एकच, पण १६० चौरस मीटरची तबकडी उभी राहिली. शिर्डीची तबकडी शेफलर पद्धतीची. तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायचा, म्हणजे रोह्यात तो जमिनीशी साधारण साडेअठरा अंशांचा कोन करील. मग तासाला १५ अंश फिरत ती सूर्यामागे जाते आणि ऊन मात्र दिवसभर एकाच ठिकाणी पडतं.

रोह्याजवळ धाटावच्या वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, आणि असल्या कारखान्यांना वाफ लागतेच. हिशेब असा : ३० अंशांचं लिटरभर पाणी उकळीला आणायला ७० किलोकॅलरी, त्याची वाफ करायला आणखी ५४०. म्हणजे साध्या नळ्यांनी बॉयलरचं पाणी कितीही तापवून दिलं तरी इंधन वाचणार जेमतेम नववा हिस्सा. खरा खर्च वाफेचा.

पण आरशाला थेट किरणच लागतात. ढगांतून, धुरकट दमट हवेतून विखुरलेला उजेड त्याला गोळा करता येत नाही. गच्चीवरच्या नळीला त्यातलाही थोडा चालतो. लातूरचं कोरडं ऊन वेगळं, कोकणातलं वेगळं. इथे पावसाचे चार महिने तबकडी नुसती भिजत उभी राहायची, आणि एरवीही खारी हवा आरशावर बसणार, तो पुसत राहायला माणूस हवा. हा पगार हिशेबात धरल्याशिवाय कोणी भाव सांगितला तर मी त्याच्याकडे जरा संशयानेच बघतो.

पेणचे पोहेवाले? भात भिजवायला त्यांना गरम पाणी लागतं, वाफ नाही, म्हणजे नळ्यांवरही भागेल. अडचण एवढीच की भाताचं तूस गिरणीतच पडलेलं असतं आणि भट्टीत ते फुकट जळतं. फुकटाशी उन्हाने स्पर्धा कशी करायची?