गाभण मेंढीचा खुराक आणि घरचा हुलगा



दहिवडी-म्हसवडकडील माळरान आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडलेल्या या तालुक्यांत वर्षाकांठीं ५०० मिलिमीटरच्या आसपास, व पुष्कळदां त्याहूनही कमी पाऊस पडतो. २०१२-१३ च्या अवर्षणांत येथें जनावरांसाठीं छावण्या उघडाव्या लागल्या, हें कोणी विसरलेलें नाहीं. अशा ठिकाणीं ‘गाभण मेंढीला पेंड घाला’ असा सल्ला देणें सोपें. पण ती पेंड आणावयाची कोठून, हा प्रश्न सल्लागारानें टाळून चालत नाहीं. आज त्याच प्रश्नाचा विचार करूं.

मेंढी सुमारें पांच महिने गाभण राहते. आरंभीं गर्भ अगदीं लहान असतो. त्याच्या वजनांतील दोन-तृतीयांशाहून अधिक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. कासही त्याच काळांत भरूं लागते. रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ति कोकराला आईच्या उदरांत मिळत नाहीं. ती जन्मानंतर चिकांतून मिळते. म्हणून या सहा आठवड्यांत मेंढीची आबाळ झाली, तर कोकरूं अशक्त निपजतें, चीक थोडा उतरतो, आणि आपण मात्र नशिबास बोल लावीत बसतों.

वाळलेलें गवत आणि कडबा यांनीं पोट भरतें, परंतु त्यांत प्रथिनें शेंकडा तीन-चारच. मेंढीच्या पोटांत चारा आंबवून पचविणारे असंख्य सूक्ष्म जंतु असतात. त्यांनाही प्रथिनें लागतात. खाद्यांतील प्रथिनांचें प्रमाण शेंकडा सातांच्या खालीं गेलें कीं हे जंतु मंदावतात, आणि समोर चारा असूनही मेंढी कमी खाते.

आतां थोडा हिशेब करूं. ३० किलो वजनाची मेंढी दिवसाकांठीं एक किलो कोरडा चारा खाते असें धरलें, तर त्यांतून तिला सुमारें ३५ ग्रॅम प्रथिनें मिळतात. शेवटच्या काळांत तिची गरज १०० ग्रॅमच्या आसपास असते. तूट आली ६५ ग्रॅमांची. भुइमुगाच्या पेंडीत शेंकडा चाळीसांहून अधिक प्रथिनें असल्यामुळें दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम पेंडीनें ती भरून निघेल. पण पेंडीस रोख पैसा लागतो. शिवाय ती दमट जागीं ठेविली तर बुरशी येते, आणि त्या बुरशीचें विष यकृतास बाधतें.

उलट आपल्या माळावर थोडक्या पावसांत येणारा हुलगा पाहा. ज्याचें माडगें आपण आवडीनें पितों, त्याच हुलग्याच्या दाण्यांत शेंकडा बावीसच्या आसपास प्रथिनें आहेत. मटकीही त्याच तोडीची. दोनशे ग्रॅम भरड्यांतून ४४ ग्रॅम मिळाले. उरलेल्या २१ ग्रॅमांसाठीं बांधावरची शेवरी, हादगा किंवा सुबाभूळ आहेच. सुकविलेल्या शंभर ग्रॅम पाल्यांत तेवढीं प्रथिनें असतात. भरडा मात्र एकदम घालूं नये. पन्नास ग्रॅमांपासून आरंभ करून आठ-दहा दिवसांत वाढवीत न्यावा. सुबाभळीच्या पाल्यांत मायमोसीन नांवाचें द्रव्य असतें. अतिरेक झाल्यास लोकर गळते, म्हणून हा पाला एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक कधींही असूं नये.

हाच भरडा कोणी गाभण डुकरिणीस कच्चा घालील तर फसगत होईल. डुकराचें पोट माणसासारखें एककप्पी. कच्च्या कडधान्यांतील पचनास अडथळा आणणारीं द्रव्यें त्यास बाधतात, म्हणून तेथें हुलगा शिजवूनच द्यावा लागतो. मेंढीचें पोट चार कप्प्यांचें, त्यामुळें तिच्या बाबतींत इंधनाचा हा खर्च वांचतो.

जुळ्यांची गोष्ट निराळी. शेजारच्या फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सुंदरबनांतील गॅरोल मेंढीचा जुळीं देण्याचा गुण दख्खनी मेंढींत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. काम मोठें खरें. पण दोन कोकरें वाढूं लागलीं कीं पोटांत चाऱ्यास जागाच कमी उरते, आणि गरज तर वाढलेली असते. मग मेंढी अंगांतील चरबी वितळवूं लागते, सुस्त होते, कळपामागें रेंगाळते, आणि वेळीं उपचार न झाल्यास दगावते. अशा मेंढीस नुसता हुलगा पुरत नाहीं. त्यांत ज्वारी, बाजरी वा मक्याचा भरडा निम्म्यानें मिसळून खुराक हळूहळू चारशे ग्रॅमपर्यंत न्यावा, व तो दोन वेळां विभागून द्यावा.

वीस गाभण मेंढ्यांना सहा आठवड्यांसाठीं हुलगा लागतो सुमारें १७० किलो. ज्याच्या घरीं जिराईत जमीन आहे त्यानें सुगीच्या वेळींच तेवढा बाजूस काढून ठेवावा. सगळा बाजारांत नेऊं नये. ज्याच्या घरीं जमीन नाहीं, आणि जो दिवाळीनंतर कळप घेऊन परमुलखीं जातो, त्याची अडचण खरी आहे. पण खतासाठीं शेतांत मेंढ्या बसविल्याबद्दल शेतकरी त्यास धान्य वा रोख देतोच. त्या मोबदल्याचा कांहीं भाग हुलग्याच्या किंवा मटकीच्या रूपानें मागून घ्यावा, आणि संध्याकाळीं वाघुरींत गाभण मेंढ्या निराळ्या काढून तो त्यांनाच घालावा.